निरोप्यांचं जाळं

दोस्तांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या पाहू. तुमच्या घरात वाय-फाय नेमकं कुठं रुसतं?

बहुतेक घरांत अशी एक जागा असतेच. कुणाची मागची खोली, कुणाचं स्वयंपाकघर, तर कुणाचा वरचा मजला. राउटर असतो दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी. तिथं सगळं झकास चालतं. पण वही घेऊन मागच्या खोलीत गेलात, की फोनवर चाललेला गणिताचा तास अर्ध्यात अडकतो आणि पडद्यावर ते चक्र गरगरत बसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याला आणखी मोठा राउटर हवा!"

मोठ्या राउटरनं काम भागतं का? पुष्कळदा नाही. त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. वाय-फायवर राउटर फोनशी बोलतो आणि फोन राउटरला उत्तर देतो. राउटर एक वेळ ओरडून बोलेल, पण फोनचा आवाज लहानच! त्याची बॅटरी चिमुकली, त्याचा अँटेनाही चिमुकला. दूरच्या खोलीतून त्यानं दिलेलं उत्तर भिंतींमध्येच विरून जातं. अशी कल्पना करा, की मैदानाच्या एका टोकाला सर ध्वनिक्षेपक घेऊन उभे आहेत आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही. सरांचं बोलणं तुम्हाला छान ऐकू येईल. पण तुमचं सरांना?

मग उपाय काय? मधे निरोपे उभे करायचे! गावात कुठं आग लागली, की माणसं विहिरीपासून घरापर्यंत रांग धरतात. प्रत्येकानं बादली घ्यायची आणि शेजारच्याच्या हातात द्यायची. कुणालाच फार धावावं लागत नाही, आणि पाणी मात्र पोचतं. वाय-फायच्या लहान लहान पेट्या घरभर ठेवून त्यांना असंच हातोहात निरोप द्यायला लावलं, की झालं 'मेश नेटवर्क'. मेश म्हणजे जाळी. त्यातल्या प्रत्येक पेटीला म्हणतात नोड, म्हणजे गाठ.

कोळ्याचं जाळं कधी हातात घेऊन पाहिलंय? त्याचा एक धागा तुटला म्हणून सगळं जाळं उसवत नाही. कारण प्रत्येक गाठ आजूबाजूच्या अनेक गाठींना बांधलेली असते. रांगेतला एक माणूस बसला तर बादली तिथंच अडकते. जाळ्यात एक गाठ सुटली तर निरोप बाजूच्या वाटेनं जातो. रांग आणि जाळं यांतला हा फरक नीट ध्यानात ठेवा. आजचं आपलं सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.

गरम बटाटा!

ही कल्पना वाय-फायच्याही आधीची आहे, बरं का. १९६०च्या सुमारास अमेरिका आणि सोव्हिएत युनियन या दोन बलाढ्य देशांत शीतयुद्ध चालू होतं. अणुहल्ला होईल की काय, अशी धास्ती दोन्हीकडे होती. त्या वेळी रँड नावाच्या अमेरिकन संस्थेत पॉल बॅरन हे अभियंते काम करत होते. त्यांना एक प्रश्न सतावत होता. देशभरचे टेलिफोन मोजक्या मोठ्या केंद्रांना जोडलेले. ती केंद्रंच उडाली, तर कोण कुणाशी बोलणार?

बॅरन यांनी सुचवलं, की मोठं केंद्र नकोच. पुष्कळ लहान केंद्रं करा आणि त्यांना जाळ्यासारखं विणा. निरोपाचे छोटे छोटे तुकडे करा. प्रत्येक केंद्रानं हातात आलेला तुकडा जवळ ठेवायचा नाही, लगेच पुढं ढकलायचा. हाताला चटका बसणारा बटाटा आपण कसा पटकन दुसऱ्याकडे टाकतो, तसा! त्यांनी या पद्धतीला नावच दिलं 'गरम बटाटा'. त्यांचं हे काम १९६४ साली प्रसिद्ध झालं. प्रत्येक गाठ तीन-चार शेजाऱ्यांशी जोडलेली असली, तरी जाळं पुष्कळ मार सोसूनही टिकतं, असं त्यांनी हिशेबानं दाखवून दिलं.

वादळ आलं तेव्हा

हा हिशेब कागदावरच राहिला नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रेड हुक नावाची वस्ती आहे. तिच्या तिन्ही बाजूंना पाणी. तिथल्या एका सामाजिक संस्थेनं २०११-१२ मध्ये आपल्या इमारतीवर आणि आसपास वाय-फायच्या मोजक्या पेट्या बसवून छोटंसं मेश जाळं सुरू केलं होतं. वस्तीतल्या लोकांनी एकमेकांना बातम्या कळवाव्यात, एवढाच साधा हेतू.

आणि २९ ऑक्टोबर २०१२ रोजी 'सँडी' हे चक्रीवादळ न्यूयॉर्कवर येऊन आदळलं. समुद्राचं पाणी रेड हुकमध्ये शिरलं. वीज गेली. ती कित्येक घरांत पुढं दोन-तीन आठवडे आलीच नाही. पण संस्थेच्या इमारतीत वीज टिकून होती आणि तिथलं ते चिमुकलं जाळंही चालू होतं! लोक तिथं जमू लागले. नातेवाइकांना खुशाली कळवू लागले, मदत कुठं मिळते ते शोधू लागले. नंतर सरकारच्या आपत्ती विभागानं उपग्रहावरून येणारी इंटरनेटची जोडणी त्या जाळ्याला दिली. एका गाठीला इंटरनेट मिळालं, की निरोप्यांमार्फत ते बाकीच्यांनाही मिळतं ना!

पुढं हे जाळं वाढवण्याचं काम कुणी केलं असेल? वस्तीतल्याच तरुण मुलामुलींनी. त्यांना रीतसर शिकवलं गेलं. गच्चीवर पेट्या कुठं बसवायच्या, बिघाड कसा शोधायचा, हे सगळं ते शिकले. म्हणजे हे काम काही फक्त मोठ्या इंजिनीअरांचं नाही. नीट शिकलं तर तुम्हालाही जमेल.

वाट कशी सापडते?

आता तुमच्या मनात शंका आली असेल. जाळ्यात इतक्या वाटा, मग निरोपाला नेमकी कोणती घ्यायची ते कसं कळतं? यासाठी मधल्या सुटीत एक खेळ खेळा.

दहा-बारा जण मैदानात विखरून उभे राहा. हात लांब केल्यावर ज्याच्या हाताला हात लागेल, तोच तुमचा शेजारी. प्रत्येकाला दोन-तीन तरी शेजारी हवेत. एकाला 'दार' करा. दार म्हणजे इंटरनेट जिथून आत येतं ती गाठ. दारानं आपल्या शेजाऱ्यांना म्हणायचं, "शून्य!" ज्यांनी ते ऐकलं त्यांनी आपल्या शेजाऱ्यांना म्हणायचं, "एक!" त्यांनी पुढं "दोन!" असं करत शेवटपर्यंत जायचं. प्रत्येकानं एवढंच लक्षात ठेवायचं, की सगळ्यांत लहान आकडा मला कोणाकडून मिळाला.

आता टोकाच्या गड्यानं चिठ्ठी लिहायची आणि लहान आकडा सांगणाऱ्या शेजाऱ्याकडे द्यायची. त्यानंही तसंच करायचं. चिठ्ठी बरोबर दारापाशी पोचते! गंमत अशी, की पूर्ण वाट कुणालाच ठाऊक नसते. प्रत्येकाला फक्त पुढचा हात ठाऊक असतो.

मग मधल्या एकाला एकदम खाली बसवा. त्याची वीज गेली म्हणा! पुन्हा "शून्य, एक, दोन" सुरू करा. पाहा, चिठ्ठीला नवी वाट मिळते. आणि एखाद्या वेळी ती मिळतच नाही. मग समजा, की तिथं तुमचं जाळं नव्हतं, नुसतीच रांग होती.

खऱ्या पेट्यासुद्धा असंच करतात. बर्लिनमध्ये 'फ्रायफुंक' नावाची मंडळी आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून वाय-फायचं जाळं विणायचं, हा त्यांचा उद्योग. त्यांनी २००६च्या सुमारास वाट शोधण्याची एक पद्धत तयार करायला घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'बॅटमॅन'! त्यात प्रत्येक पेटी ठरावीक वेळानं हाक मारते, "मी आहे, मी आहे!" शेजारच्या पेट्या ती हाक पुढं पोचवतात. कोणत्या शेजाऱ्याकडून ती हाक सर्वांत भरवशानं ऐकू येते, हे प्रत्येक पेटी मोजत राहते. नुसती जवळची वाट ती निवडत नाही, खात्रीची वाट निवडते. २०११पासून ही पद्धत लिनक्स या संगणकप्रणालीचा भाग झाली आहे.

आता मांडामांड

चला, घरात जाळं कसं मांडायचं ते पाहू. समजा, तुमच्याकडे तीन पेट्यांचा संच आला आहे. घाई करू नका. पहिली पेटी उघडण्याआधी एक कागद घ्या.

पहिली पायरी नकाशाची. घराचा साधा आराखडा काढा. भिंती कशाच्या आहेत ते लिहा. लाकडी दार किंवा विटांची पातळ भिंत वाय-फायच्या लहरींना थोडं अडवते. जुन्या वाड्याची जाड दगडी भिंत किंवा लोखंडी सळयांचा काँक्रीट स्लॅब फार अडवतो. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा या वस्तू लहरी परतवून लावतात. पाणीही त्या शोषून घेतं. म्हणून पाण्याची टाकी किंवा माशांची काचपेटी मधे येते का, तेही पाहा.

दुसरी पायरी दाराची. इंटरनेटची तार जिथं घरात येते, तिथल्या मोडेमला पहिली पेटी तारेनं जोडायची. ही झाली आपल्या खेळातली 'शून्य'. इथं एक मेख असते. पुष्कळ घरांत मोडेम स्वतःच राउटरचंही काम करत असतो. मग घरात दोन राउटर होतात. दोन पोस्टमन एकाच गल्लीत आपापले घरक्रमांक वाटायला लागले तर काय गोंधळ होईल! एकानं तरी ते काम सोडावं लागतं. जुन्या मोडेमला 'ब्रिज' म्हणजे नुसता पूल करता येतं, किंवा नव्या संचाला 'अॅक्सेस पॉइंट' म्हणून लावता येतं. हे काम घरातल्या मोठ्यांच्या मदतीनं करा, आणि काही बदलण्याआधी जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि फसगतही इथंच होते. दुसरी पेटी कुठं ठेवाल? जिथं वाय-फाय अजिबात येत नाही तिथं, असंच वाटतं ना? चूक! कोरड्या विहिरीत पंप बसवून पाणी येतं का? पेटी स्वतः इंटरनेट तयार करत नाही. तिला जे ऐकू येतं तेच ती पुढं सांगते. म्हणून ती अर्ध्या वाटेवर ठेवा, जिथं पहिल्या पेटीचा सिग्नल अजून चांगला आहे. शक्य तर उघड्यावर, टेबलाच्या उंचीवर किंवा त्याहून वर. कपाटात, टीव्हीच्या मागं किंवा जमिनीवर नको.

'चांगला सिग्नल' हे डोळ्यांनी कसं ठरवायचं? अँड्रॉइड फोनवर सिग्नल मोजणारी मोफत अॅप मिळतात. ती उणे आकडा दाखवतात. गणितात ऋण संख्या शिकलात ना, त्या इथं कामाला येतील. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५च्या आसपास चांगला. उणे ८० म्हणजे कुजबुज. उणे ५० आणि उणे ८० यांच्या शक्तीत किती फरक असेल? ३० पट? नाही, तब्बल हजार पट! हा फूटपट्टीसारखा सरळ आकडा नाही. प्रत्येक १० ला शक्ती दहा पटींनी घटते.

चौथी पायरी म्हणजे एका वेळी एकच पेटी. दुसरी पेटी पहिलीच्या शेजारी ठेवून जोडा, दिवा स्थिर झाला की मग तिच्या जागी न्या. ती नीट चालली, की तिसरी. तिसरीला पहिली आणि दुसरी अशा दोघींचाही आवाज यावा, अशी जागा मिळाली तर फारच छान. मग ती रांग न राहता खरं जाळं झालं. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. निरोप जितके हात बदलतो, तितका वेग कमी होतो. एकच रेडिओ असलेली पेटी एका वेळी एक तर ऐकते, नाही तर बोलते. त्यामुळं एका मधल्या निरोप्यानंच वेग साधारण निम्म्यावर येऊ शकतो. काही पेट्यांत आपापसांत बोलायला वेगळा रेडिओ असतो, त्यांचं बरं चालतं. दोन पेट्यांमध्ये तार टाकता आली तर सर्वांत उत्तम.

संच घेताना आणखी एक खबरदारी. मेश जाळ्यासाठी २०११ साली जागतिक मानक ठरलं खरं, पण घरगुती संच बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळदा आपापली पद्धत वापरतात. एका कंपनीची पेटी दुसरीच्या जाळ्यात बसेलच, असं धरून चालू नका.

माकडं आणि मेश

घरातल्या तीन पेट्यांची ही कथा, मग डोंगरावर काय होत असेल? २००५ च्या जानेवारीत भारत सरकारनं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी घराबाहेरही परवान्याशिवाय वापरायला मोकळ्या केल्या. लगेच हिमाचल प्रदेशातल्या धरमशालेत, तिथल्या तिबेटी वसाहतीत, एक मेश जाळं उभं राहू लागलं. पुढं ते 'एअरजल्दी' या नावानं ओळखलं जाऊ लागलं. घरात वापरायचे साधे राउटर घेऊन त्यांतला प्रोग्रॅम बदलला, त्यांना मजबूत खोक्यांत बसवलं आणि डोंगरउतारावर ठेवलं. शाळा, दवाखाने, मठ अशी ठिकाणं त्यांनी जोडली.

अडचणी कोणत्या आल्या? पाऊस, विजा, वारंवार जाणारी वीज आणि माकडं! अँटेना म्हणजे त्यांना लोंबकळायला फांदीच. म्हणून तिथं अँटेना निवडताना तो माकडाचं वजन पेलेल का, हेही पाहावं लागे. बिघाड नेहमी प्रोग्रॅममध्येच असतो असं नाही. आधी डोळे उघडून आजूबाजूला पाहायचं असतं.

बिघाडाचा माग

आता तुम्ही गुप्तहेर व्हा. तुमच्या हाती दोन नियम आहेत. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्यात आणि जाळं चालू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. दुसरा, दारापासून सुरुवात करून एकेक कडी तपासत पुढं जायचं. वहीत तारीख, वेळ आणि लक्षण लिहायचं.

पाहू या काही खटले.

खटला पहिला. घरभर इंटरनेट बंद. संगणकावर 'पिंग' नावाची आज्ञा असते. ती समोरच्याला हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगते. आधी घरातल्या पहिल्या पेटीला पिंग करा. तिचा पत्ता बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. तिच्याकडून उत्तर पटापट येतंय, पण बाहेरून काहीच येत नाही? मग तुमचं जाळं निर्दोष आहे. बिघाड मोडेममध्ये किंवा बाहेरच्या तारेत आहे. उगीच पेट्या हलवत बसू नका.

खटला दुसरा. फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, तरी चित्र अडकतं. ही कोरडी विहीर! त्या रेघा फक्त फोन आणि जवळची पेटी यांच्यातला सिग्नल दाखवतात. ती पेटी पुढच्या पेटीचं ऐकू शकते का, हे त्या सांगतच नाहीत. पेटी दाराच्या दिशेनं दोन-तीन पावलं सरकवा आणि पुन्हा मोजा. रेघ एखादी कमी होईल, पण वेग वाढेल.

खटला तिसरा. तुम्ही पेटीच्या शेजारी बसलात, तरी वेग कमी. फोन दूरच्या जुन्या पेटीलाच चिकटून बसलेला असतो. कोणत्या पेटीला धरायचं हे बहुतांशी फोन ठरवतो, आणि तो जुन्या मित्राला लवकर सोडत नाही! फोनचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा. तो नव्यानं जवळची पेटी शोधेल.

खटला चौथा. रोज ठरावीक वेळीच गडबड. तुमची वही इथं उपयोगी पडते. दुपारी जेवण गरम करताना गडबड होते? मग संशयित मायक्रोवेव्ह ओव्हन. तोही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो. पेटी त्याच्यापासून दूर न्या, किंवा फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडा. रोज संध्याकाळी गडबड होते? मग इमारतीतली सगळी वाय-फाय एकाच वेळी बोलायला लागली असतील. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. अॅपमध्ये पाहून त्यांतलं कमी गर्दीचं निवडा.

खटला पाचवा. फोन जोडलेला दिसतो, पण काहीच उघडत नाही आणि प्रिंटरही सापडत नाही. दोन पोस्टमन पुन्हा कामाला लागले का ते पाहा. फोन एका राउटरकडे, प्रिंटर दुसऱ्याकडे. मग ते एकमेकांना कसे दिसणार? संगणकाचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्याला पोस्टमन भेटलाच नाही, आणि बिचाऱ्यानं स्वतःच एक क्रमांक लावून घेतला आहे. पहिल्या पेटीशी असलेली जोडणी तपासा. एक साधी शक्यताही विसरू नका. जुन्या प्रिंटरला पुष्कळदा फक्त २.४ गिगाहर्ट्झच कळतं.

खटला सहावा. एकच पेटी वारंवार बंद पडते. तिला दुसऱ्या पेटीच्या जागी ठेवा, दुसरीला तिच्या जागी. बिघाड पेटीबरोबर गेला, तर दोष पेटीचा किंवा तिच्या अॅडॅप्टरचा. बिघाड जागेवरच राहिला, तर दोष जागेचा किंवा ढिल्या प्लगचा. एवढ्या अदलाबदलीत अर्धा तपास पूर्ण!

आणि वीज गेली तर? इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे असतील, तर मेश लगेच झोपी जाईल. निदान मोडेम, पहिली पेटी आणि मधली पेटी तरी इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा. रेड हुकमध्ये लोकांना खुशाली कळवता आली, कारण जाळ्याच्या मोक्याच्या गाठीला वीज होती.

जाळ्याचे शिष्टाचार

जाळ्यात आपली पेटी दुसऱ्याचे निरोप वाहते, आणि दुसऱ्याची आपले. म्हणून विश्वास हवा. पेटीबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. नवा लांबलचक ठेवा आणि तो भिंतीवर लिहू नका. शेजाऱ्यांबरोबर जाळं जोडायचं मनात असेल, तर आधी दोन्ही घरांतल्या मोठ्यांना विचारा, आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या अटींत ते बसतं का तेही पाहायला सांगा. गच्चीच्या कठड्यावर चढायचं नाही. विजा चमकत असताना अँटेनाला हात लावायचा नाही. मोठं माणूस सोबत नसेल, तर गच्चीवरचं काम उद्यावर टाकायचं.

आता जाता जाता एक कोडं. एका वाडीत सहा घरं आहेत, अ, आ, इ, ई, उ, ऊ. जोडलेली घरं अशी : अ-आ, अ-इ, आ-इ, इ-ई, ई-उ, ई-ऊ, उ-ऊ. कागदावर सहा ठिपके काढून रेघा मारा. कोणत्या घरांची वीज गेली तर वाडीचे दोन तुकडे होतील? आणि फक्त एकच नवी जोडणी करायची परवानगी असेल, तर ती कुठं कराल, म्हणजे कोणतंही एक घर बंद पडलं तरी बाकीची पाचही बोलत राहतील?

आधी स्वतः सोडवा. मगच खाली पाहा हं!

उत्तर : मोक्याची घरं दोन, इ आणि ई. नवी जोडणी आ आणि उ यांच्यात करा. अ-उ, अ-ऊ किंवा आ-ऊ केलीत तरी चालेल. एकेक घर बोटानं झाकून प्रत्येक वेळी खात्री करून घ्या.